पंधरा रुपयांची रेषा

अर्थतज्ज्ञ म्हणून कुणाची ओळख करून दिली की लग्नाच्या पंगतीत पुढचे प्रश्न ठरलेले असतात. सोनं अजून चढेल का? फ्लॅट आत्ता घ्यावा की थांबावं? मंदी येणार म्हणतात, खरं का? बहुतेक अर्थतज्ज्ञ या प्रश्नांपुढे शेजारी बसलेल्या पाहुण्याइतकेच अनभिज्ञ असतात. ते कबूल करण्याची तयारी मात्र माणसागणिक बदलते. त्यांचा दिवस भलत्याच कामात जातो. कुणी गावोगावहून आलेल्या प्रश्नावल्यांतले आकडे चाळत असतो, कुणी दोन जनगणनांच्या मधे तालुक्यांच्या सीमा बदलल्यामुळे झालेला घोळ निस्तरत असतो. आणि बराच वेळ सहकाऱ्याच्या निबंधात चूक कुठे आहे ते शोधण्यात जातो.

मला स्वतःला असे वाटते की अर्थतज्ज्ञाचे महत्त्वाचे काम आकडा जाहीर होण्याच्या पुष्कळ आधी उरकलेले असते. काय मोजायचे, कुणाला विचारायचे, किती दिवसांचा खर्च विचारायचा, कोणत्या भावाने गुणायचे, हे ठरले की उत्तर जवळजवळ ठरून जाते. आपल्यापर्यंत पोचतो तो शेवटचा आकडा, तोही वर्तमानपत्राच्या मथळ्यात. त्यामागचे ठरवणे कसे घडते हे पाहायचे, तर दारिद्र्यरेषेइतके चांगले उदाहरण नाही. तिचा एक मोठा हिस्सा पुण्यात घडला, हे मराठी वाचकाच्या दृष्टीने सोयीचेच.

जानेवारी १९७१ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’च्या दोन लागोपाठच्या अंकांत ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा दीर्घ अभ्यास छापून आला. लेखक दोघे, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ. दोघेही पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले. दांडेकरांचा पिंड संख्याशास्त्राचा आणि त्या वेळी ते संस्थेचे संचालक होते. रथ मूळचे ओडिशाचे, पण त्यांची हयात पुण्यात गेली. खर्च फोर्ड फाउंडेशनने उचलला होता. दोन महिन्यांनी देशात लोकसभेची निवडणूक झाली आणि ‘गरिबी हटाओ’ या घोषणेवर ती लढवली गेली. पण गरीब किती, हा प्रश्न घोषणेपेक्षा फार जुना होता.

एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात तो विचारला होता. त्यांनी प्रांतवार पीक-पाण्याचे सरकारी आकडे घेतले, उत्पादनाची किंमत काढली आणि १८६७-६८ च्या भावाने हिंदुस्थानी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न २० रुपये येते असे दाखवले. मग दुसऱ्या बाजूला जगण्याचा खर्च ठेवला. तो त्यांनी शोधला कुठे? तुरुंगातल्या कैद्यांच्या आणि परदेशी पाठवल्या जाणाऱ्या मजुरांच्या शिध्याच्या सरकारी हिशेबात. कैद्याला जिवंत ठेवायला जेवढे लागते तेवढेही सामान्य रयतेच्या वाट्याला येत नाही, असा तो ताळा होता आणि दोन्ही बाजूंचे आकडे इंग्रज सरकारच्याच वहीतले. वकिली डावपेच म्हणूनही तो अफलातून आहे. शास्त्र म्हणून त्याची किंमत अशी की मोजमापाला बाहेरचा एक टेकू लागतो हे त्यात पहिल्यांदा स्पष्ट झाले.

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये नियोजनकारांच्या एका गटाने असाच टेकू दिला: १९६०-६१ च्या भावाने माणशी महिना २० रुपये, त्यात आरोग्य आणि शिक्षण धरलेले नाही, कारण ते सरकार पुरवणार. गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ या गटात होते. मात्र हे वीस रुपये आले कुठून, याचा तपशीलवार हिशेब गटाने मांडला नाही. नऊ जाणत्या माणसांनी बसून ठरवलेला आकडा, एवढेच त्याचे बळ. दांडेकर आणि रथ यांना ते पुरेसे वाटले नाही.

इथे थोडे मागे जाऊन संस्थेबद्दल सांगितले पाहिजे. गोखले संस्था १९३० मध्ये निघाली ती साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून आणि भारत सेवक समाजाच्या छत्राखाली. पहिले संचालक गाडगीळ, तेही १९६६ पर्यंत. पुण्याच्या परिसरात दारोदार फिरून माहिती गोळा करण्याची परंपरा त्याआधीचीच होती. शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन, जे मूळचे रसायनशास्त्रज्ञ, त्यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुनी दप्तरे तपासून त्यांनी दाखवले की १७७१ मध्ये तिथे सरासरी खातेदाराकडे ४० एकर जमीन होती, १९१४-१५ मध्ये ती ७ एकरांवर आली होती. (आज त्या गावात आयटीत काम करणाऱ्यांच्या सोसायट्या आहेत आणि जमिनीचा भाव चौरस फुटात सांगतात.) गाडगिळांनी हीच रीत वाई तालुक्यात, पुणे शहरात पुढे नेली. गाडगिळांच्या तालमीतल्या माणसाला ‘माहिती कशी गोळा केली?’ हा प्रश्न आधी पडायचा, ‘माहिती काय सांगते?’ हा नंतर.

दांडेकर-रथांकडे स्वतःची पाहणी नव्हती. होती ती राष्ट्रीय नमुना पाहणीची. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सुरू झालेली ही पाहणी म्हणजे जगातला त्या काळचा एक धाडसी उद्योग: निवडक गावांत, निवडक घरांत माणूस जातो आणि गेल्या तीस दिवसांत तुम्ही किती ज्वारी खाल्ली, किती गूळ, किती रॉकेल, किती विड्या, असे विचारून लिहून घेतो. त्या तक्त्यांमध्ये कुटुंबे माणशी मासिक खर्चाच्या गटांत मांडलेली असत.

दोघांनी केले ते असे. माणशी दिवसाला २,२५० कॅलरी ही पोटभर अन्नाची खूण धरली. मग खर्चाच्या कोणत्या गटातली माणसे प्रत्यक्षात एवढे खातात ते तक्त्यात शोधले. त्या गटाचा एकूण खर्च, म्हणजे धान्याबरोबर कपडा, सरपण, तंबाखू, जत्रेचा खर्च, सगळे धरून, ही झाली रेषा. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात वर्षाला १८० रुपये, म्हणजे महिन्याला पंधरा. शहरात वर्षाला २७०, महिन्याला साडेबावीस.

यातली खुबी सहज नजरेतून सुटते. डॉक्टरांनी सांगितलेला सर्वांत स्वस्त आहार घेऊन त्याची किंमत काढणे सोपे होते. तो आकडा पंधराहून खूप खाली आला असता. पण तसे कुणी जगत नाही. गरीब माणूसही चहा पितो, मुलीला बांगड्या घेतो, नुसती ज्वारी आणि डाळ मोजून खात नाही. दांडेकर-रथांची रेषा माणसे प्रत्यक्षात वागतात तशीच धरून ओढलेली होती: लोक आपल्या सवयीने खर्च करत असताना ज्या पातळीला त्यांचे पोट भरते, ती पातळी. हा निर्णय मला त्या सगळ्या अभ्यासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. पुढच्या पन्नास वर्षांतली बरीच डोकेदुखीही त्यातूनच निघाली.

निष्कर्ष असा होता की १९६०-६१ मध्ये खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली होते, आणि त्या दशकात झालेल्या वाढीचा लाभ त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. उपाय म्हणून दोघांनी ग्रामीण भागात सरकारने मोठ्या प्रमाणावर कामे काढावीत असे सुचवले. जमीन वाटून सर्वांना पुरणार नाही, तेव्हा मजुरी द्या, हा त्यांचा रोख. महाराष्ट्रात या कल्पनेला आधीपासून जमीन मिळालेली होती. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला असाच प्रयोग केला होता, १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. त्याच्या खर्चासाठी बसवलेला व्यवसाय कर राज्यातल्या पगारदाराच्या पगारपत्रकात अजून वजा होताना दिसतो. रोजगार हमी अर्थतज्ज्ञांनी आणली असे कुणी म्हटले तर ते खोटे ठरेल. पागे राजकारणी होते आणि कल्पना त्यांची. पण योजना सुरू झाल्यावर दांडेकरांनी तिच्याबद्दलही लिहिले. रथांनी १९८५ मध्ये केंद्राच्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमावर कडक लेख लिहिला: गरिबाला कर्जाऊ म्हैस देऊन तो रेषेवर येत नाही, त्याला मजुरीचे काम हवे. सल्ला द्यायचा आणि पुढे त्याच सल्ल्याचे काय झाले हे तपासायला परत यायचे, ही सवय या व्यवसायात असावी तेवढी आढळत नाही. या दोघांना ती होती.

आता उलटतपासणीकडे येऊ. अभ्यास छापून येतो न येतो तोच ती सुरू झाली.

पहिला वाद भावाचा. बी. एस. मिन्हास यांनी साठच्या दशकातले पाहणीचे आकडे घेऊन दाखवले होते की १९५६-५७ ते १९६७-६८ या काळात ग्रामीण दारिद्र्य घटले. प्रणब बर्धन यांनी जवळपास त्याच आकड्यांवरून दाखवले की १९६०-६१ मध्ये ३८ टक्के असलेले दारिद्र्य १९६८-६९ मध्ये ५४ टक्के झाले. पाहणी एकच, देश एकच, मग एक म्हणतो घटले आणि दुसरा म्हणतो वाढले, हे कसे? एक मोठे कारण असे की महागाई काढून टाकायला मिन्हासांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातला किंमत निर्देशांक वापरला होता, बर्धनांनी शेतमजुरांच्या ग्राहक किमतींचा. त्या दशकात धान्य इतर वस्तूंपेक्षा वेगाने महागले होते, आणि शेतमजुराची कमाई बहुतेक धान्यावरच जाते. सरासरी महागाईने हिशेब केला तर त्याची झळ सौम्य दिसते. माझ्या मते इथे बर्धनांची बाजू भक्कम होती. गरिबाचे मोजमाप करायचे तर महागाईही त्याच्याच ताटातली घेतली पाहिजे. मिन्हास कच्चे गडी नव्हते, आणि वाकणारेही नव्हते. पुढे ते नियोजन आयोगाचे सदस्य झाले आणि पाचव्या योजनेचे गणित पटेना म्हणून १९७३ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले.

दुसरा वाद पुण्यातल्या पुण्यात झाला आणि जास्त रंगला. पांडुरंग सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जगप्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत वर्षानुवर्षे काम करून पुण्यात परतलेले. त्यांचे म्हणणे, २,२५० ही सरासरी गरज आहे. माणसामाणसाची गरज वेगळी, एकाच माणसाचीही आज वेगळी, उद्या वेगळी. शरीर काही प्रमाणात जुळवून घेते. सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी आहे असे धरले तर धडधाकट माणसेही उपाशांत मोजली जातात. म्हणून कसोटी सरासरीच्या बरीच खाली असली पाहिजे. ती तशी धरली की उपाशी लोकांची संख्या एकदम निम्म्याहून खाली येते. दांडेकरांचे उत्तर तितकेच धारदार. एका माणसाची रोजची गरज कमी-जास्त होते हे खरे, पण महिनाभराच्या, शेकडो कुटुंबांच्या सरासरीत ते चढउतार एकमेकांना छेद देऊन जातात. उरते ती खरी टंचाई. शिवाय शरीराने कमी अन्नाशी जुळवून घेतले म्हणजे ते ठीक आहे असा अर्थ निघत नाही. हा वाद त्याच साप्ताहिकाच्या पानांवर काही वर्षे चालला. दोघेही आकडेमोडीत तरबेज, दोघांनाही माघार ठाऊक नाही. आज वाचताना जाणवते ते हे की सुखात्म्यांच्या युक्तिवादातले शरीरशास्त्र बऱ्याच जणांना पटले नाही, पण कॅलरीच्या एका आकड्यावर गरिबी तोलता येत नाही हा त्यांनी दिलेला धक्का टिकला.

अशी उघड भांडणे पाहून बाहेरच्या माणसाला वाटते, यांचे आपसातच जमत नाही, तर यांच्यावर विश्वास काय ठेवायचा? मला उलटे वाटते. भांडणाची ही रीत व्यवसायाने मुद्दाम जोपासलेली आहे. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनमध्ये निघाला तेव्हा त्याला त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची प्रस्तावना होती, आणि त्या प्रस्तावनेतच कॅनन यांनी काही मुद्द्यांवर आपले मत वेगळे असल्याचे नोंदवले. गुरूने शिष्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर मतभेद लिहावा आणि शिष्याने तो छापावा! दोन-तीन वर्षांनी हिल्टन यंग आयोगापुढे रुपयाबद्दल साक्ष द्यायला आंबेडकर उभे राहिले ते याच तयारीवर.

अर्थतज्ज्ञ होण्याचा आजचा रस्ता जास्त ठरीव आहे. एम.ए. झाल्यावर पाच-सहा वर्षे पीएच.डी., त्यात गणित आणि संख्याशास्त्राचा भरपूर मारा, मग एक निबंध घेऊन विद्यापीठाविद्यापीठांत तो मांडत फिरायचे. चर्चासत्रात वक्त्याला दुसऱ्या मिनिटाला अडवणे असभ्य मानत नाहीत. नंतर निबंध नियतकालिकाकडे जातो, तिथे नाव न सांगणारे दोन-तीन परीक्षक तो वाचतात, तक्रारी कळवतात, आणि छापून यायला दोन-तीन वर्षे लागली तर कुणाला नवल वाटत नाही. अमेरिकेतल्या मोजक्या विद्यापीठांचा आणि मोजक्या नियतकालिकांचा या साऱ्यावर प्रचंड वचक आहे. त्यामुळे विदर्भातल्या कापसावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसापेक्षा एखादी नवी गणिती युक्ती काढणारा लवकर वर चढतो. सचिन चौधुरी यांनी १९४९ मध्ये मुंबईत ‘इकॉनॉमिक वीकली’ काढले, त्यातूनच १९६६ मध्ये आजचे ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’ उभे राहिले. देशातल्या प्रश्नावर देशातल्या माणसांनी जलद भांडावे अशी जागा त्याने दिली नसती, तर दारिद्र्यरेषेचा इतिहास खूप निराळा झाला असता.

सगळेच अर्थतज्ज्ञ विद्यापीठात नसतात, हेही सांगायला हवे. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन भारतीय आर्थिक सेवेत गेलेले अधिकारी मंत्रालयांत टिपणे लिहितात, ज्यांच्यावर त्यांचे नाव कधी येत नाही. बँका आणि दलाली पेढ्यांतले अर्थतज्ज्ञ पुढच्या तिमाहीचा अंदाज देतात आणि पंगतीतल्या प्रश्नांना उत्तर देण्याचे धाडस प्रामुख्याने तेच करतात. मुंबईत मिंट रोडला रिझर्व्ह बँकेची सहा जणांची पतधोरण समिती दर दोन महिन्यांनी व्याजदर ठरवते: तिघे बँकेचे, तिघे बाहेरचे. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के इकडेतिकडे, ठेवणे हे तिच्यावर कायद्याने टाकलेले काम. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रत्येक सदस्याने काय मत दिले आणि का, हे त्याच्या नावानिशी प्रसिद्ध होते. तिथली मतभेदाची टिपणे वाचनीय असतात. गृहकर्ज घेतलेल्याने तर जरूर वाचावीत.

परत रेषेकडे. सत्तरच्या दशकात नियोजन आयोगाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० कॅलरी धरून आपली अधिकृत रेषा आखली. त्यानंतर ती फक्त महागाईनुसार वर सरकवली जात होती. इथे दांडेकर-रथांच्या पद्धतीतला जुना पेच डोके वर काढतो. लोकांच्या सवयी बदलल्या. शेतातली अंगमेहनत कमी झाली, ज्वारी-बाजरीची जागा तांदूळ-गव्हाने घेतली, पैसा मुलांच्या शाळेवर, दवाखान्यावर, एसटीच्या तिकिटावर जाऊ लागला. उत्पन्न वाढत असतानाही माणशी कॅलरी घटत गेल्या. म्हणजे त्याच रेषेवर उभा असलेला माणूस आता २,४०० कॅलरी खात नव्हता. मग रेषा चुकली, की कॅलरी?

त्यात तिसरी भर पडली ती प्रश्न विचारण्याच्या पद्धतीची. गेल्या तीस दिवसांत काय खाल्ले, हे कुणाला आठवते? पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्याने बंगालच्या खेड्यांत याची परीक्षा घेतली होती: काही घरांत आठवड्याचे विचारले, काहींत महिन्याचे, आणि काहींत धान्य रोज तराजूवर तोलले. महिन्याची आठवण तोललेल्या वजनाच्या जवळ आली, आठवड्याची फुगलेली निघाली. म्हणून तीस दिवस. पण जगभर आठवड्याची पद्धत रूढ होत गेली, तेव्हा नव्वदच्या दशकात पाहणीने दोन प्रकारच्या प्रश्नावल्या वापरून पाहिल्या. आठवड्याचे विचारले की लोक खाण्यावरचा खर्च इतका जास्त सांगत, की नुसता प्रश्न बदलून देशातले गरीब जवळपास निम्मे होत होते. कुणाच्या ताटात एक घासही वाढलेला नसताना! १९९९-२००० च्या मोठ्या फेरीत मग दोन्ही प्रश्न एकाच कागदावर शेजारी-शेजारी छापले गेले. उत्तर देणारा, किंवा लिहून घेणारा, मनातल्या मनात दोन्ही आकडे जुळवून टाकणारच. सरकारी दारिद्र्य १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून एकदम २६ वर आले आणि त्यातले किती खरे, किती छपाईचे, यावर अर्थतज्ज्ञ काही वर्षे झुंजले. अँगस डीटन यांनी युक्ती केली: सरपण आणि तत्सम ज्या वस्तूंचा प्रश्न बदललेला नव्हता, त्यांच्या खर्चावरून बाकीचा अंदाज बांधला. घट खरी आहे, पण सरकार म्हणते त्याहून कमी, असे त्यांचे उत्तर. इतरांच्या हिशेबात ती आणखी कमी निघाली. सर्वांत मोठ्या प्रश्नाचे उत्तर एका कोष्टकाच्या रचनेवर लटकलेले असावे, हे अर्थशास्त्राच्या कोणत्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात येत नाही. यायला हवे.

सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने २००९ मध्ये कॅलरीचा टेकू काढूनच टाकला. शहरातल्या जुन्या रेषेवरच्या माणसाची खरेदी घेतली आणि तीच खेड्यातल्या भावाने मोजली. परिणामी २००४-०५ चे ग्रामीण दारिद्र्य जवळपास ४२ टक्के झाले, देशाचे २७.५ ऐवजी ३७.२. गरिबांची संख्या कोट्यवधींनी वाढवणारी ही समिती. सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने तिच्याच रेषेवरून सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले: शहरात माणशी दिवसाला ३२ रुपये, खेड्यात २६. देश भडकला. बत्तीस रुपयांत जगून दाखवा, अशी आव्हाने निघाली. तेंडुलकर त्याआधी जूनमध्येच गेले होते. आयोगाने पाच जणांच्या शहरी कुटुंबाला महिन्याला सुमारे ४,८०० रुपये असे सांगितले असते, तर आकडा तोच राहून भडका कमी झाला असता, असे मला वाटते. पण संताप सर्वस्वी चुकीचा नव्हता. मोजण्यासाठी ओढलेली रेषा रेशनकार्ड कुणाला द्यायचे हे ठरवायला वापरली की ती तंत्राची गोष्ट उरत नाही, आणि आयोगाने ते दोन्ही उपयोग एकमेकांत मिसळू दिले होते.

मोजमाप राजकारणात शिरते तेव्हा काय होते, याचे जास्त घरगुती उदाहरण महाराष्ट्रात आहे आणि तेही दांडेकरांचेच. राज्यातल्या प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती १९८३ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज अशा बाबतींत राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहायचे आणि ती तूट भरायला लागणारा पैसा मोजायचा. १९८४ मध्ये एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे २४, आणि ३७ टक्के उरलेल्या महाराष्ट्राचा, कारण समितीने जिल्हा धरून मोजले होते आणि कोकणापासून खानदेशापर्यंत मागासलेले जिल्हे होतेच. शेवटचा आकडा भाषणांत क्वचित ऐकू येतो. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत ‘अनुशेष’ विधिमंडळात हजारो वेळा उच्चारला गेला, वैधानिक विकास मंडळे त्यावर उभी राहिली, आणि २०१३ मध्ये विजय केळकर समितीला मोजणी नव्याने मांडावी लागली.

दारिद्र्यरेषेचे पुढे काय झाले? २०१४ मध्ये रंगराजन समितीने नवी, थोडी वरची रेषा सुचवली. ती स्वीकारली गेली नाही. नियोजन आयोगच बंद झाला. २०१७-१८ ची पाहणी दर्जाचे कारण देऊन सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध करायचे नाकारले आणि व्यवसायातल्या बऱ्याच जणांनी उघड निषेध केला. आकडे वाईट असतील तर ते छापून वाईट का आहेत ते सांगावे, अशी त्यांची मागणी होती. ती मला वाजवी वाटते. २०२२-२३ मध्ये पाहणी पुन्हा झाली: २ लाख ६१ हजारांहून जास्त कुटुंबे, चारशेवर वस्तू, आणि एकाच घरी महिन्या-महिन्याने तीन फेऱ्या, म्हणजे एका बैठकीत उत्तर देणारा कंटाळू नये. खेड्यात माणशी मासिक खर्च ३,७७३ रुपये, शहरात ६,४५९.

यातून गरीब किती, हे काढायला अधिकृत रेषाच आता नाही. प्रत्येक अर्थतज्ज्ञ आपली रेषा घेऊन बसतो, कुणी तेंडुलकरांची भाववाढीने सरकवलेली, कुणी रंगराजनांची, कुणी जागतिक बँकेची, आणि उत्तरे पाच टक्क्यांच्या आतबाहेरपासून त्याच्या कैक पटींपर्यंत पसरतात. जुन्या फेऱ्यांशी तुलना करता येते की नाही यावरही एकमत नाही, कारण तीन फेऱ्यांत विचारलेला खर्च एका फेरीत विचारलेल्यापेक्षा जास्त निघण्याचा संभव असतो. एक वाद तर अगदी नवा आहे. रेशनवर फुकट मिळालेल्या धान्याची किंमत खर्चात धरायची का, आणि धरायची तर कुठल्या भावाने? पाहणीने दोन्ही आकडे छापले. धान्य आणि इतर मोफत वस्तूंची किंमत धरून खेड्यातला आकडा ३,८६० होतो, म्हणजे माणशी ८७ रुपयांचा फरक. रेषेच्या अगदी काठावर उभी असलेली कुटुंबे या ८७ रुपयांच्या कोणत्या बाजूला पडतात, यावर सध्या निबंध लिहिले जात आहेत.